नव्वद दिवसांचा बीम

शेवटच्या साध्या दिवशी बाबा माझ्यावर ओरडले.

"अगं, पेरायच्या असतात तारा! केर टाकल्यासारख्या काय टाकतेस? आण इकडे."

आमच्या प्रयोगशाळेतलं त्यांचं हे लाडकं मिश्रण. अर्ध्या सिमेंटऐवजी वीजकेंद्राची राख, आणि जुन्या टायरांतून काढलेल्या पोलादी तारांचे तुकडे. ते न ठोकता, न हलवता आपणहून पसरायला हवं होतं. तारा शेवटी बाबांनीच पेरल्या, तरी काँक्रीट पत्र्यावर ढिम्म बसून राहिलं. ते चष्मा पुसायला बाहेर गेले. मी मिक्सरमध्ये मगभर पाणी ओतलं, पुन्हा फिरवलं आणि पत्र्यावर ओतलं.

परतले तेव्हा काँक्रीट पत्र्याच्या कडेपर्यंत गेलं होतं.

"बघ, चालायला लागलं! तुला वर्ष लागलं होतं."

इतके खूश झाले की मला सांगवेना. ते साच्यात भरून आम्ही चाचणीचा बीम केला. ओल्या बीमवर त्यांनी बोटाने तारीख लिहिली. राखेचं काँक्रीट सावकाश पिकतं, म्हणून ताकद बघायला तो नव्वद दिवसांनी तोडायचा ठरला.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा झोपेतच गेले.

घरात सगळं जागच्या जागी थांबलं. प्रयोगशाळेच्या हौदात पाण्याखाली तो बीम मात्र रोज थोडा अधिक घट्ट होत होता. मी तिकडे फिरकले नाही.

आज, नव्वदाव्या दिवशी, चाचणीच्या मशीनवरच्या मामांनी तो बाहेर काढून मशीनवर ठेवला. पाण्याच्या नव्या टाकीचे इंजिनिअर शेजारी उभे होते.

"ताई, तुमची सही झाली की उद्या भिंती ओततो. सरांचंच प्रमाण, थेंबाचा फरक नाही."

त्या प्रमाणात माझा मग नव्हता. काँक्रीट सळयांत अडकलं असतं, भिंती पोकळ राहिल्या असत्या. आणि सांगावं, तर बाबांचा शेवटचा आनंद खोटा ठरत होता.

मामांनी भार वाढवला. टक् झालं. खालून चीर गेली, भाराचा काटा पडला, आणि पुन्हा चढू लागला. चिरेतल्या तारा ताणल्या जात कण्हत होत्या.

"तुटलाय, पण सोडत नाही," मामा पुटपुटले. त्यांनी मशीन बंद केलं.

आवाज थांबला नाही.

मामांनी प्लग उपटला. काटा शून्यावर आला. तरीही बीममधून तो बारीक आवाज येतच होता, कुणी श्वास आत ओढत राहावा तसा. मग एकदम थांबला. समोरच्याचं ऐकून घेताना बाबा असाच श्वास धरून ठेवत.

"गार झालंय का इथं?" इंजिनिअर म्हणाले आणि पेन पुढे केलं.

मी ते घेतलं नाही. बीमवर हात ठेवला.

"बाबा, ते आपणहून चाललं नव्हतं. तुम्ही बाहेर गेलात तेव्हा मी पाणी घातलं. मगभर."