वाटीतलं जितं औषध

गहिनीनाथ महाराजांना त्या वाटीतून काय मिळणार होतं, याचा हिशेब घोडेगावात कुणी मांडला नाही. पत्र्याचा मठ, बसायला गादी, दर गुरुवारी पुरणपोळी आणि पाया पडणाऱ्यांत दोन सरपंच. भांडवल म्हणाल तर पाण्याची वाटी, एक थर्मास आणि वर्तमानपत्राचं कात्रण. एवढ्याशा भांडवलावर एवढी बरकत बैलबाजारातल्या दलालांनाही कधी साधली नव्हती. आणि छगन तर त्या बाजारात मुरलेला दलाल.

छगनचा एक नियम होता : बैल चालताना बघू नये, उठताना बघावा. विकणारा लंगड्या बैलालाही तासभर नीट चालवून दाखवतो. रात्रभर बसून आखडलेलं जनावर सकाळी उठतं, तेव्हा मात्र खोटं बोलत नाही. म्हणून रात्रभर दावणीला बांधून, पहाटे उठताना पाहिल्याशिवाय छगन सौदा करत नसे. पण हा नियम त्यानं बैलांपुरताच ठेवला होता.

त्याच्या बायकोला, मनकर्णाला, सहा वर्षांपासून सांधे सुजणारा वात होता. बोटं वाकडी झालेली, सकाळी वेणी घालायची तर शेजारणीला हाक मारावी लागे. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर भारतीबाई तिला गोळ्या देत, महिन्याला रक्त तपासत. आजार आटोक्यात होता. पण ‘आटोक्यात’ या शब्दापुढं कुणी नारळ फोडत नाही.

नारळ फुटत होते ते मठात. धूप, कापूर, आरती, आणि गर्दी इतकी की चपला शोधायला वेगळा नवस बोलावा. महाराज कात्रण फडकवत.

“अमेरिकेत औंदा नवं औषध निघालंय. त्ये कारखान्यात कुटत न्हाईत, जित्या पेशीत वाढवत्यात. त्यांनी पेशीत वाढवलं, आमी मंत्रात वाढवलं. बघा जितं हाय का न्हाई.”

मग ते वाटीत पांढरी चिमूट टाकत. कण पाण्यावर गरगरत, पळत, एकमेकांना हुलकावणी देत. बाया हात जोडत.

एकदा शाळेतल्या गुरुजींनी विचारलं, “हे नेमकं आहे काय?” महाराजांनी धुनीची राख बोटांना चोळली, हात धुतले आणि बोट पाण्यात बुडवलं. कण पळतच राहिले. “आता तुमी लावा.” गुरुजींनी बोट लावलं आणि सगळे कण जागच्या जागी गार पडले.

“गुरुजी, पोटात शंका हाय तुमच्या. मारलं की तुमी औषध.”

लोक खदखदून हसले. गुरुजी पुन्हा फिरकले नाहीत.

मनकर्णाला थर्मासातलं, त्याच जित्या औषधाचं म्हणून दिलेलं इंजेक्शन मिळालं. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं वेणी घातली. चार दिवसांनी पाट्यावर चटणी वाटली. छगन बाजारभर सांगत सुटला. महाराजांची अट एकच : दवाखान्याच्या गोळ्या बंद. “जितं औषध परक्या गोळीचा वास सोसत न्हाई.” दर गुरुवारी इंजेक्शन. दोन-तीन महिन्यांत मनकर्णाचा चेहरा भाकरीसारखा गोल झाला.

“मांस चढलंय अंगावर,” छगन कौतुकानं म्हणे.

“मांस कसलं, सूज हाय ती. रातभर पानी पिती मी,” मनकर्णा म्हणायची. तो ऐकायचा नाही. बाजारात भरलेलं जनावर नेहमीच बरं दिसतं.

एका दुपारी ती हापशावर चक्कर येऊन पडली. भारतीबाईंनी साखर तपासली, दंडावरचे काळेनिळे डाग पाहिले आणि छगनकडे वळल्या.

“कोण देतं इंजेक्शन?”

छगननं कात्रणासकट सगळं सांगितलं.

“कात्रण खरं आहे,” त्या म्हणाल्या. “ते औषध मीही वाचलंय. आपल्याकडं अजून आलेलं नाही. येईल तेव्हाही आधी अंगात क्षय दडलेला नाही ना बघावं लागेल, नाहीतर तो उसळेल; आणि सगळ्यांना गुण येणार नाही. ज्यांना गुण आला नाही, त्यांचीही मोजणी तिकडं छापून येते. तुमच्या महाराजांनी छापली का कधी?”

“पर बाई, कण पळत्यात. म्या डोळ्यांनी बघितलं.”

“मग येत्या गुरुवारी मलाही दाखवा.”

गुरुवारी डॉक्टरबाई छगनबरोबर मठात जाऊन पुढंच बसल्या. महाराजांनी ओळखलं आणि गोड हसले. “बाईंचा इस्वास न्हाई. लावा बोट, बाई. मरू द्या औषध.”

“लावते. पण तुमच्यासारखंच.” त्यांनी धुनीतली राख घेतली, बोटं खसाखसा चोळली, हात धुतले आणि बोट बुडवलं. कण पळत होते.

मठात कुजबुज झाली. भारतीबाईंनी शेजारी बसलेल्या गोजरबाईला बोलावलं. मठ झाडणारी, महाराजांचं उष्टं काढणारी; तिच्या भक्तीवर शंका घेईल तो वेडा. गोजरबाईनं तेल थापलेले केस मागं सारले, पदर सावरला आणि बोट लावलं. कण जागीच मेले.

“आत्या, तुमच्या पोटात शंका आहे का हो?”

“माज्या? अगं बाई, म्या तर…” गोजरबाई महाराजांकडं बघत राहिली.

“शंका नाही, तेल आहे. हा कापूर आहे. स्वच्छ पाण्यावर तो असाच पळतो, तेलाचा अंश लागला की थांबतो. राखेनं तेल जातं. आणि मठात कापराचा वास कायमचाच, वाटीतला वेगळा हुंगणार कोण?”

“आन गुन येतोय त्याचं काय?” मागून कुणी ओरडलं.

उत्तर छगननं दिलं. तो उठून थर्मासाजवळ गेला. “महाराज, उघडा.”

“उजेड लागला तर मरंल.”

“मघाशीच मेलंय.”

आत बाटल्या होत्या, कागद खरवडलेल्या. एकीवरचा खरवडायचा राहिला होता. छगननं अक्षरं जुळवत मोठ्यानं वाचलं : “फक्त जनावरांसाठी.” हीच बाटली बाजाराच्या आदल्या दिवशी लंगड्या बैलाला टोचतात. बैल बाजारापुरता सरळ चालतो. म्हणून तर तो बैल उठताना बघायचा.

“स्टेरॉइड आहे, दुखणं काही दिवस दाबून ठेवणारं,” भारतीबाई म्हणाल्या. “औषध वाईट नाही, मीही देते. पण मोजून, तपासून. यांनी ते आठवड्याला पाणी घातल्यासारखं घातलंय; मनकर्णाची सूज, साखर, डाग त्याचेच. आता एकदम बंद करू नका, जिवावर बेतेल. सगळे दवाखान्यात या, हळूहळू उतरवू.”

या गडबडीत महाराज मागल्या दारानं टेम्पोत बसले.

घरी मनकर्णा पलंगावर होती. छगननं सगळं सांगितलं.

“मी बैल असते, तर सकाळी उठताना बघितलं असतं न्हवं मला?”

दुसऱ्या दिवसापासून छगन पहाटे तिच्या उशाशी बसू लागला. ती कशी उठते, मूठ किती वळते, ते बघून डॉक्टरबाईंना सांगू लागला. चमत्कार ओळखायला तेवढंच लागतं : दाखवणाऱ्यानं ठरवलेल्या वेळी नाही, आपल्या वेळी बघायचं; आणि ज्याला गुण आला नाही तो कुठं आहे, हे विचारायचं.

आता किंमत कुणी मोजली तेवढं सांगतो. महाराजांची एक वाटी आणि एक थर्मास गेला. सरपंचांचं काहीच गेलं नाही. त्यांनी आपण मठात कधी गेलोच नव्हतो असं सांगितलं. गोजरबाईचा देव गेला. आणि गोळ्या बंद होत्या त्या महिन्यांत मनकर्णाचं उजवं मनगट कायमचं आखडलं. वेणी आता छगन घालतो, वाकडी.