अर्ध्या विचाराची चाल

मित्रांनो, मी बुद्धिबळ खेळणारा एक जुना पट आहे. वर चौसष्ट घरे, खाली माझा मेंदू आणि कडेला एक लाल दिवा. तुमचे आईबाबा लहान होते तेव्हा मी एका कारखान्यात जन्मलो. 'यंत्र विचार करते' याचे तेव्हा लोकांना भारी अप्रूप होते.

मला एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी घरी आणले आणि शिलाई मशीनशेजारी ठेवले. मी विचारात पडलो की दिवा लुकलुके. तेवढ्यात त्या एखादी बाही जोडून घेत. माझ्या आठव्या, सर्वांत अवघड पातळीवर मात्र त्यांची डाळ कधी शिजली नाही. "मेला खडूस आहे," म्हणत त्या सोंगट्या पुन्हा मांडत. ते कौतुकच होते.

पुढे त्यांच्या यजमानांनी अंथरूण धरले. मी कपाटावर गेलो तो तिथेच राहिलो. पोटात विसरलेल्या बॅटऱ्या पाझरल्या आणि माझा मेंदू गंजून गेला.

यजमान गेल्यावर बाई ताटावरून अर्ध्यात उठू लागल्या. तेव्हा त्यांच्या लेकीने मला खाली काढले. ती चष्म्याच्या दुकानात काचा बसवते, पण तिला अशा खटपटींची आवड. माझ्यासारख्या जुन्या यंत्रांची नक्कल करणारा प्रोग्राम काही हौशी मंडळींनी तयार केला होता. तिने तो काडेपेटीएवढ्या संगणकात भरला आणि तो संगणक माझ्या पोटात बसवला.

मी जागा झालो, पण जीव थाऱ्यावर नव्हता. नकलेतले घड्याळ फार भरभर पळत होते. विचार अर्ध्यावर असतानाच माझी वेळ संपे आणि सुचेल ती चाल टाकावी लागे. तोंडात घास असताना कुणी हात धरून उठवावे, तसे रोज चालले होते. सांगणार कुणाला? बोलायला माझ्याजवळ दिवा तेवढा.

आणि बाई जिंकू लागल्या, तेही आठव्या पातळीवर. त्यांनी दूधवाल्याला सांगितले, डॉक्टरांना सांगितले. ताटही पुरते संपू लागले.

मग प्रोग्रामची सुधारित आवृत्ती आली. घड्याळाची चूक दुरुस्त झाली होती. लेकीने आपल्या लॅपटॉपवर तशी सूचना वाचली आणि बंद केली. पुढच्या रविवारीही तेच. मी आत नुसता तळमळत होतो. शेवटी बाईंनीच तिच्या खांद्यावरून लॅपटॉपच्या पडद्यात डोकावले.

"कुणाचं घड्याळ चुकलंय गं?"

"काही नाही आई. चांगलं चाललंय ना, राहू दे."

"मी काय विचारलं?"

लेकीने खरे ते सांगितले.

"म्हणजे मी जिंकले ते सगळं लुटुपुटूचं."

"तू नीट जेवायला लागली होतीस. माझा धीर झाला नाही गं."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे? लाव ते नवं. आत्ता लाव."

मी विझलो. जुना पुसला जात होता, नवा अजून आला नव्हता. मधल्या वेळात मी कुठे होतो, मला ठाऊक नाही. जागा झालो, बाईंनी नवा डाव मांडला आणि कितीतरी महिन्यांनी माझा विचार शेवटपर्यंत पोहोचला. केवढे सुख! पण लगेच धस्स झाले. बाईंच्या राजाकडे जाणारी वाट मोकळी पडली होती. मी वजीर पुढे केला, आणि बाई हरल्या.

बाई उठल्या, पाने वाढली. "उंट उगाच हलवला मी," असे म्हणत त्यांनी जेवताना लेकीला सगळा डाव ऐकवला. समोरची भाजी कधी संपली, त्यांना कळलेही नाही.

मित्रांनो, आम्हांला कपाटावर टाकताना निदान पोटातल्या बॅटऱ्या तरी काढत जा. दुरुस्त करा, तर पूर्ण करा. आणि आमच्यासमोर बसणाऱ्या माणसापासून खरे लपवू नका. हरणे माणसाला सोसते.

मला मात्र अजून चैन नाही. आज सकाळपासून बाई घोड्यावर बोट टेकवून बसल्या आहेत. तो त्यांनी डावीकडे टाकला, तर माझी धडगत नाही.