आटवलेलं पाणी

ओडील व्हर्लीच्या विहिरीचं पाणी चवीला एक नंबर, यावर सेंट आमाँ गावात सगळ्यांचं एकमत होतं. ज्या गावात पाद्र्याचं प्रवचन लांबलं की आखूड झालं यावरही दोन तट पडतात, तिथे ही लहान गोष्ट नव्हे. विहीर म्हणजे आपली म्हणायला विहीर. ओडीलच्या सासऱ्याने खणलेली जुनी विहीर कधीच बुजवली होती, आता होती ती पंपाची बोअर. पण पाणी तेच, चुनखडीच्या दगडातून झिरपून आलेलं, गार, जरासं गोडसर. सप्टेंबरात कर्मिसचा उत्सव आला की चर्चच्या अंगणात बूया शिजायची. कोंबडी, बीफ, गाजर, कोबी असलं सगळं घातलेलं दाट सूप, माणूस आत बसेल एवढ्या कढयांत. त्याला पाणी जायचं व्हर्लींच्या घरून, दुधाच्या कॅनमधून. आणि मोठ्या कढईसमोर पळी घेऊन उभी राहायची ओडील स्वतः. मीठ कधी घालायचं हे ती ठरवायची, आणि त्यात पाद्र्यालाही बोलायची सोय नव्हती.

अशा बाईच्या घरात सून विकतचं पाणी घेऊन आली.

सून म्हणजे कॅरिसा, ग्रीन बे शहरातली, एका दातांच्या दवाखान्यात कामाला. ओडीलचा मुलगा लाईल शेत आणि गोठा सांभाळायचा, पण राहायची ती दोघं जवळच्या लहान गावात. तीन महिन्यांच्या लेकीला, नोएमीला, सकाळी आजीकडे सोडायचं आणि संध्याकाळी घेऊन जायचं, असं ठरलं. पहिल्याच दिवशी कॅरिसाने गाडीतून पाण्याचे मोठाले प्लास्टिकचे डबे उतरवले आणि स्वयंपाकघरात ओळीने मांडले.

"मेमे, तिचं दूध फक्त या पाण्यात करायचं हं." बाळ झाल्यापासून तीही सासूला गावासारखं मेमे, म्हणजे आजी, म्हणायला लागली होती. "इकडच्या विहिरींबद्दल काय काय बोलतात, ऐकलंय ना तुम्ही?"

"मी कशाला ऐकू? मी लग्न होऊन आले तेव्हापासून हेच पितेय. मेले का?"

"तुमचं नाही हो म्हणत. ती एवढीशी आहे."

"लाईलही एवढासाच होता. बघ आता, दारातून आत येताना वाकावं लागतं घोड्याला."

घोडा टेबलापाशी बसून कॉफी पीत होता. "मला मध्ये घेऊ नका," तो म्हणाला आणि कप घेऊन गोठ्याकडे सटकला.

पाणी तपासून घ्यायचं घरात दोन-तीनदा निघालं होतं. लाईल दर वेळी "करू की" म्हणायचा आणि विसरायचा. विसरायचा कसला, त्याला ठाऊक होतं सगळं. गाई वाढल्या, तसं शेण वाढलं, शेणाचा पातळ काला टँकरने शेतावर ओतायचा तर मातीचा थर वीतभर आणि खाली दगड सगळा भेगाळलेला. वर ओतलेलं खाली कुठे जातं हे कळायला शाळेत जावं लागत नाही. पण कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही, हे शेतकऱ्याला माहीत असूनही तो कोंबडं झाकतोच.

ओडीलने सुनेशी वाद घातला नाही. "बरं," म्हणाली. आणि सून वळणावरून दिसेनाशी झाली की विकतच्या पाण्याचा डबा उचलून परसात गेली आणि कोंबड्यांच्या भांड्यात ओतला. डबे रिकामे होत गेले, सून नवे आणत गेली, कोंबड्यांची चैन झाली.

यात ओडीलच्या मनात पाप नव्हतं, हे आधी सांगायला हवं. प्लास्टिकातलं पाणी, कुठल्या कारखान्यातलं, कधी भरलेलं कोण जाणे, ते दुकानाच्या मागे उन्हात तापत पडलेलं तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यापेक्षा आपलं पाणी, आपल्या डोळ्यांदेखत उकळलेलं, हजार पटीने बरं असं तिला मनापासून वाटायचं. आणि उकळण्यात ती कसूर करत नव्हती. सकाळी किटली चढवली की दिवसभर बारीक आचेवर रटरटत ठेवायची, पाणी कमी झालं की वरून भर घालायची, पुन्हा उकळायची. शहरातली पोरगी पैसे फेकून मोकळी होते, आपण जातीने राबतो, असा थोडा तोराही त्यात होता. चर्चमधल्या तरण्या आयांनाही ती सांगायची, "उकळा ग, चांगलं दिवसभर उकळा. विकतच्या पाण्यावर काय लेकरं वाढतात होय?"

नोएमी वाढत होती. हसायची, लाथा मारायची, आजीच्या चष्म्याला हात घालायची. आजीचा तर तिच्यात असा जीव गुंतला होता की रविवारी नोएमी नसली म्हणजे घर खायला उठायचं.

एका गुरुवारी दुपारी दूध पाजून झाल्यावर ओडीलला वाटलं, पोरीचे ओठ काळसर दिसताहेत. उजेडाचा खेळ असेल म्हणून तिने खिडकीपाशी नेऊन पाहिलं. ओठ निळसर होते. गारठली असेल म्हणून ब्लँकेटात गुंडाळलं, तळवे चोळले, तर नखं राखेच्या रंगाची. आणि पोर रडत नव्हती. आजीकडे बघत होती, पण झोपाळल्यासारखी. ओडीलच्या तोंडचं पाणी पळालं. तिने लाईलला शेतातून बोलावलं, तो चिखलाच्या बुटांनीच गाडीत बसला, आणि दोघांनी पोरीला तालुक्याच्या छोट्या इस्पितळात नेलं. कॅरिसा परस्पर कामावरून येऊन दारात उभी होती.

डॉक्टर हाल्व्हर्सन नावाची एक तरुण बाई होती. तिने नोएमीच्या नाकाशी ऑक्सिजन लावला. रंग फिरला नाही. रक्त काढलं, तर ते लाल नव्हतं, तपकिरी होतं, चॉकलेट विरघळवल्यासारखं. डॉक्टरीण त्या नळीकडे बघत राहिली आणि मग वळून म्हणाली, "हिला विहिरीचं पाणी देता का?"

"नाही," कॅरिसा म्हणाली. "एक थेंबसुद्धा नाही. सगळं विकतचं. मी स्वतः आणून ठेवते."

"नक्की?"

"देवाशपथ नक्की."

"मग अवघड आहे. शेणाखतातून विहिरीच्या पाण्यात उतरणारं नायट्रेट तान्ह्या बाळांच्या रक्तात असा घोळ करतं. रक्त असतं, पण त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. तेच असेल तर माझ्याकडे औषध आहे. पण काही बाळांना ते औषधच घातक ठरतं, म्हणून अंदाजाने द्यायला मी धजत नाही. पाणी नसेल, तर जन्मजात दोष असेल, हृदय असेल. हेलिकॉप्टर मागवते. मिलवॉकीला सगळ्या तपासण्या होतील."

ओडील भिंतीला टेकून उभी होती. तिला अजूनही काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. फक्त खात्री करून घ्यावी म्हणून तिने विचारलं, "डॉक्टर, पाणी चांगलं उकळलेलं असलं, तर विहिरीचंही चालतं ना?"

"जंतू मरतात हो उकळून. नायट्रेट कुठे मरतंय? ते जिवंत असतंय थोडंच. पाणी वाफ होऊन जातं, ते भांड्यात राहतं. जितकं उकळाल तितकं वाढतं."

हे ओडीलला समजावून सांगायची कुणालाही गरज नव्हती. बूयाचं मीठ शेवटी का घालायचं, हे तिनेच तर साऱ्या गावाला शिकवलं होतं. सूप आटतं, मीठ आटत नाही. आधी घातलं तर संध्याकाळी तोंडात धरवत नाही. उभा जन्म कढईसमोर काढलेल्या बाईला आपली किटली कळली नव्हती. रोज आटवायची, रोज वरून भर घालायची, आणि ते पोरीच्या तोंडात.

गप्प बसता आलं असतं. कुणालाही कळलं नसतं. मोठ्या इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनी आपलं आपण शोधून काढलं असतं, उशिरा का होईना. खरं सांगितलं तर ही पोर पुन्हा आपल्या हातात कोणी देणार नाही, हे तिला लख्ख दिसत होतं. आणि पलीकडे त्या पांढऱ्या चादरीवर नोएमीचे ओठ जांभळाच्या सालीसारखे झाले होते.

"ती विहिरीचंच पाणी पितेय," ओडील म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. दिवसभर उकळलेलं. मीच दिलं. विकतचं मी कोंबड्यांना घातलं."

डॉक्टरीण पुढचं ऐकायला थांबली नाही, नर्सला हाका मारत आत धावली.

कॅरिसाने सासूकडे पाहिलं. "कोंबड्यांना?" एवढंच म्हणाली.

औषध गडद निळं होतं. निळ्या पडलेल्या पोरीला निळंच औषध, काय म्हणावं याला. शिरेतून हळूहळू सोडलं आणि तासाभरात नोएमीचे कान गुलाबी झाले, मग गाल, मग ओठ. मग तिने जो टाहो फोडला तो बाहेरच्या पॅसेजमध्ये बाकावर बसलेल्या आजीला ऐकू आला, आणि आजीचा जीव भांड्यात पडला. ती उठून दारापर्यंत गेली. कॅरिसाने आतून दार लावून घेतलं.

त्यानंतर नोएमी आजीकडे आली नाही. ओडीलनेही "कधी आणताय" म्हणून विचारलं नाही. कुठल्या तोंडाने विचारणार? पाण्याची तपासणी झाली. नायट्रेट धोक्याच्या रेषेच्या कितीतरी वर निघालं. कॅरिसाने बाहेर सगळ्यांना इन्फेक्शन झालं होतं एवढंच सांगितलं. सासूची अब्रू तिने का राखली, हे ओडीलला कळेना, आणि त्यानेच तिला जास्त टोचायचं.

"आई, तूही कुठे बोलू नकोस," लाईल म्हणाला. "लोक विचारतील, खत कुणाच्या शेतातलं?"

"आपल्याच."

"आपल्या, शेजाऱ्यांच्या, सगळ्यांच्याच. म्हणून तर म्हणतोय, गप्प बस."

कर्मिसच्या आदल्या दिवशी नॉर्बर्ट नावाचा तिचा जुना जोडीदार, दुसऱ्या कढईचा आचारी, दुधाचे कॅन घेऊन दारात आला. ओडीलच्या जिभेवर खरं आलं होतं, पण मागे लाईल उभा होता. "पंप बिघडलाय," ती म्हणाली. "यंदा चर्चच्या नळाचंच घे." चर्चला शहरातून नळाचं पाणी होतं. नॉर्बर्ट हळहळत परत गेला.

रविवारी प्रार्थना झाली, वाद्यं वाजली, चर्चच्या हॉलमध्ये लांबलचक टेबलांवर बूयाचे वाडगे आले. जो तो ओडीलला म्हणायचा, "चव ती नाही ग यंदा." कॅरिसा आणि लाईल पार पलीकडच्या टेबलावर होते, नोएमी लाईलच्या खांद्यावर झोपलेली. ओडीलने तिकडे जायचं धाडस केलं नाही. ती दुरूनच बघत होती तेवढ्यात रोझलीन तिच्याजवळ येऊन बसली. नुकतंच बाळंतपण झालेली, गावाबाहेरच्या शेतात राहणारी साधी पोरगी. कडेवर तान्हा मुलगा.

"मेमे, तुम्ही सांगितलं तसं करते हं मी," रोझलीन कौतुकाने म्हणाली. "पाणी दिवसभर गॅसवर. नवरा म्हणतो विकतचं आणू, मी म्हटलं, मेमे ओडीलपेक्षा तुला जास्त कळतं का?"

ओडील उभी राहिली. गुडघे दुखणारी बाई एवढ्या झटक्यात उभी राहिलेली कोणी पाहिली नव्हती. तिने पळी घेतली आणि टेबलावर आपटली.

"ऐका सगळ्यांनी. माझ्या विहिरीचं पाणी खराब आहे. माझी नात त्याने निळी पडली होती. मरायला टेकली होती. इन्फेक्शन नव्हतं ते. मी दिवसभर उकळून पाजलं आणि उकळलं म्हणूनच जास्त बाधलं. ज्या ज्या पोरींना मी उकळा म्हणून सांगितलं, त्यांनी ते आजच्या आज बंद करा. पाणी तपासून घ्या. तोवर विकतचं आणा."

नॉर्बर्ट वाडगा बाजूला सारून उठला.

"पंप बिघडला म्हणाली होतीस ना ग?" नॉर्बर्टने विचारलं.

"पंप ठणठणीत आहे. खोटं बोलले."

"मग घाण कुणाच्या शेतातली?" मागून कोणीतरी ओरडलं.

"आमच्या," ओडील म्हणाली. "आणि तुझ्याही शेतातली असेल, तपासून बघ की."

लाईलचं तोंड लालभडक झालं होतं. रोझलीनने मुलाचे ओठ बोटाने उघडून पाहिले, खिडकीपाशी नेऊन पुन्हा पाहिले, आणि तिचा नवरा जेवण टाकून गाडीची किल्ली शोधायला लागला. मग एकदम सगळीकडून बोलणं सुरू झालं. कोणी रागावलं, कोणी शेजाऱ्याकडे बोट दाखवलं. ओडील खाली बसली. समोरचा वाडगा तिला दिसत नव्हता. तिला फक्त घरी जायचं होतं.

बाजूच्या खुर्चीवर कोणीतरी पिशवी ठेवली. कॅरिसा होती. तिने नोएमीला सासूच्या मांडीवर दिलं. पोर नुकती जागी झाली होती, मूठ तोंडात घालून कुरकुरत होती.

"भूक लागलीय तिला," कॅरिसा म्हणाली. "बाटली करा. पाणी, पावडर, सगळं आहे आत."

"मी?" ओडीलने विचारलं. "तू थांब ना इथेच. मी करते, तू बघ."

"मला गोड पाई घ्यायचीय. आलुबुखाऱ्याची संपत आलीय."

आणि ती गेली. ओडीलने पाण्याची सीलबंद बाटली काढली. झाकण दोनदा पिळावं लागलं, मग थोडी पावडर टेबलावर सांडली, पुन्हा मोजून घातली. पाणी ओतताना तिने मान वर करून पाहिलं. कॅरिसा पाईच्या रांगेत उभी होती, पाठमोरी, पुढच्या बाईशी बोलत. बाटली तयार झाली, नोएमीने ती दोन्ही हातांनी ओढून घेतली आणि पिऊ लागली, तरीही कॅरिसाने मागे वळून पाहिलं नाही.