वेगळं पातेलं

"पातेलं घेऊन जा," निकासिओ म्हणाला. "इथे ते कोण वापरणार?"

निकासिओ हा 'रोसारियो' बोटीवरचा स्पॅनिश आचारी. पातेलं बूसेलहामचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं. बाकीच्या खलाशांच्या कालवणात डुकराचं मांस पडे, म्हणून दाजींची मसूर या लहान पातेल्यात वेगळी शिजे. पातेल्याच्या कानाला खुणेचा लाल दोरा होता. रमजानात सगळी बोट सूर्य बुडेपर्यंत त्यांच्यासाठी जेवायची थांबते, हे दाजींनी आम्हांला इतक्यांदा ऐकवलं होतं की मुलांनाही पाठ झालं होतं. "मी त्यांच्यातलाच झालोय रे," ते म्हणत. स्पॅनिश किनाऱ्याहून समुद्राच्या अलीकडे, आमच्या लाराश बंदरावर माझी चहाची टपरी आहे. गिऱ्हाईक बोलेल त्याला मान डोलावणं हा धंद्याचाच भाग.

त्या दिवशी रेडिओवर बातमी आली, युरोपच्या संसदेनं मासेमारीचा करार फेटाळला. युरोपातले देश मिळून आमच्या सरकारला पैसे भरत, त्यावर त्यांच्या बोटी आमच्या समुद्रात जाळं टाकत, आणि बोटीवर आमच्याकडचा एक खलाशी घ्यावा लागे. आता सगळ्या बोटींनी अंधार पडायच्या आत आमचं पाणी सोडायचं होतं.

"मलाही न्या ना तुमच्या बंदरात, बार्बातेला," दाजी कॅप्टन एउसेबिओला म्हणाले. "तुमच्या पाण्यात जाळं ओढीन."

"सेलाम, बाबा," कॅप्टन म्हणाला; बूसेलहामचं बोटीवर सेलाम झालं होतं. "करार होता म्हणून तुझी जागा होती. करारच नाही, तर जागा कुठली?"

माणूस वाईट नव्हता. वारा कुठून वाहतोय हे सांगावं, तसं त्यानं ते सांगितलं.

दाजी गादी, बूट आणि पातेलं घेऊन धक्क्यावर उतरले. बोट गेली. मी चहा दिला. "साखर कमी आहे," ते म्हणाले. साखर नेहमीइतकीच होती.

ते रडले नाहीत, कुणाला शिवीही दिली नाही. आमच्याकडच्या बोटींवर त्यांना कुणी घेईना. "काय स्पॅनिशसाहेब, आज हॅम नाही का?" म्हणून पोरं चिडवत. ते भिंतीला टेकून लोकांची फाटकी जाळी शिवत बसत. घरी त्यांनी पातेलं खिळ्याला टांगलं.

"दूध तापवायला द्या की ते," माझी बहीण रहमा म्हणे. "या घरात वेगळं कुणाला शिजवायचंय? सगळे मुसलमानच तर आहोत!"

"राहू दे. करार पुन्हा होईल. एउसेबिओ मला नाव घेऊन मागेल."

कॅप्टननं नाव कळवलं तर आम्ही तोच खलाशी पाठवतो, असं बंदर कचेरीतल्या बाईनं त्यांना सांगितलं होतं. तेवढ्या एका वाक्यावर माणूस वर्षं काढत होता. मला त्यांचा राग यायचा, आणि रागापेक्षा कीव जास्त.

करार झाला. 'रोसारियो' येणार त्या सकाळी दाजी दाढी करून, जुने बूट घालून, पातेलं काखेत मारून निघाले. मी टपरी शेजाऱ्यावर सोपवून मागोमाग गेलो.

एउसेबिओ खाली उतरला. त्यानं दाजींना कडकडून मिठी मारली. "सेलाम! अजून आहेस होय रे म्हाताऱ्या!" मग त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाला, "कराराचा माणूस आला का?"

त्यानं कुणाचंच नाव कळवलं नव्हतं. कचेरीनं जिलाली नावाचा एक चाळिशीचा खलाशी पाठवला होता. तो पिशवी घेऊन पुढे झाला. "ये, ये, वर ये," कॅप्टन म्हणाला.

मला वाटलं, दाजी आता पातेलं समुद्रात भिरकावतील. ते जिलालीजवळ गेले आणि पातेलं त्याच्या हातात दिलं.

"आचाऱ्याला दे. त्याला ठाऊक आहे."

"हे कशाला, काका?"

"तुझं वेगळं शिजेल."

बोटीवर बर्फ तेवढा चढायचा राहिला होता. तो चढल्यावर दाजींनी वाकून खुंटाचा दोर सोडला, नीट वेटोळं करून डेकवर फेकला. बोट हलली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून निकासिओनं पातेलं वर धरलं.

"सेलाम!" तो ओरडला. "दोरा कुजला की रे याचा!"

"नवा बांध," दाजी म्हणाले. पण इतकं हळू, की ते फक्त मला ऐकू आलं.