आवळ्याएवढा गोळा

दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात नाक खुपसायचं नाही, हा उमाकाकू पटवर्धनांचा नियम होता आणि मिल्काबाईंचं स्वयंपाकघर सोडून बाकी सगळीकडे त्या तो कसोशीने पाळत. मिल्काबाई वाक्रुळकर पलीकडच्या घरात राहायच्या. मध्ये चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा, आणि त्याला वळसा नको म्हणून दोघींनी संगनमताने वरचे दोन थर कधीच उतरवलेले. एका वाटीची साखर त्या खिंडारातून गेली की दुसऱ्या वाटीची कोकमं परत यायची. रत्नागिरीत पूर्वी बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, थोडी घरं होती. एकेक करत कुणी ठाण्याला गेलं, कुणी इस्राएलला गेलं, आणि या बाजूला एकट्या मिल्काबाई उरल्या. नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावरही अर्ध्या आळीची इंजेक्शनं त्याच द्यायच्या आणि देताना दटावायच्याही.

आता त्याही चालल्या होत्या. त्यांची मुलगी नाओमी अश्दोदला होती, नातवंडं होती, सगळे कधीपासून बोलावत होते. दोन हजार पाच सालच्या गणपतीत, उमाकाकू ऐन तळणीच्या मोदकांपाशी घामाघूम बसलेल्या असताना, मिल्काबाईंनी खिडकीतून विचारलं होतं, कायमचं जाऊ की नको? उमाकाकूंच्या काळजात चर्र झालं. काळजात चर्र झालं की त्यांच्या तोंडून नेमकं उलटं निघतं, हे त्यांच्या नवऱ्याला, परशुरामभाऊंना, चांगलं ठाऊक होतं. पण ते तेव्हा आरतीची तबकं पुसत होते. काकू कढईतून वर न बघता म्हणाल्या, "जा की. तुला इथं कुणी अडवून ठेवलंय?" मिल्काबाईंनी त्याच रात्री मुलीला होकार कळवला.

तेव्हापासून डिसेंबरपर्यंत दोघी सगळ्या विषयांवर बोलल्या, फक्त त्या एका सोडून. काकू मिल्काबाईंच्या नव्या सुटकेसला नावं ठेवायच्या, तिच्या चाकांना नावं ठेवायच्या, विमानात म्हणे कोकमाचं सरबत न्यायला देत नाहीत म्हणून विमानालाही नावं ठेवायच्या. 'जाऊ नकोस' किंवा 'मला करमणार नाही' हे मात्र ओठांवर येऊन परत जायचं. एकदा जा म्हणून बसल्यावर आता कुठल्या तोंडाने थांब म्हणणार, अशी त्यांची पंचाईत झाली होती.

जायच्या आधीचा तो शेवटचा शुक्रवार. आळीतल्या प्रत्येक घरी आपल्या हातचा शब्बाथचा, म्हणजे शुक्रवारी दिवेलागणीला सुरू होणाऱ्या पवित्र दिवसाचा, पाव पोचवायचा असं मिल्काबाईंनी मनात घेतलं होतं. पाव म्हणजे खल्ला. त्यांच्या आईच्या वेळी शुक्रवारी चपात्याच असत. वेणी घातलेला हा पाव नाओमीने मागच्या सुट्टीत शिकवला होता. मिल्काबाईंनी त्यातली अंडी काढली आणि पीठ नारळाच्या रसात भिजवलं, कारण पटवर्धनांच्या घरी अंडं चालत नाही आणि उमा चवीची चोखंदळ. परातीत मैद्याचा डोंगर होता. काकूंचं भजनी मंडळ शुक्रवारी दुपारी असे, त्यामुळे आजवर त्यांनी तयार पाव तेवढा पाहिला होता. आज मंडळाला दांडी मारून त्या वेण्या घालायला येणार होत्या. वेणीच्या बाबतीत मिल्काबाईंवर विश्वास टाकायला त्या तयार नव्हत्या.

खिंडारातून त्या मागच्या दाराने आत आल्या तेव्हा स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. आतल्या खोलीतून मिल्काबाईंचा फोनवरचा चढा आवाज येत होता. इस्राएल लांब आहे म्हणून त्या नेहमी ओरडूनच बोलत. ओल्या फडक्याखाली पीठ छान टम्म फुगलं होतं. आणि खिडकीत, दक्षिणेकडच्या खिडकीत, केळीच्या पानाच्या तुकड्यावर पिठाचा एक गोळा ठेवलेला होता. आवळ्याएवढा, गुळगुळीत, एकटाच. बाहेर फणसाच्या फांदीवर एक कावळा मान वाकडी करून त्याच्याकडे बघत होता.

काकूंना ते लक्षण बरं दिसेना. मळलेल्या पिठाचा असा एकटा गोळा त्यांच्या घरी कधी उरू देत नसत. उरलाच तर त्याची लहानशी पोळी लाटून मोकळं व्हायचं. इथं तर पान, दक्षिण आणि वर कावळा, सगळं साग्रसंगीत मांडलेलं. आठवड्याच्या आत समुद्रापार जायला निघालेल्या बाईच्या घरात हे असं पिंडासारखं? काकूंनी आधी कावळ्याला हाकललं. मग गोळा उचलला, फडकं बाजूला केलं आणि तो परातीतल्या पिठात घालून दोन्ही हातांनी असा मळला की त्याचा मागमूस राहिला नाही. पान चुरगाळून परसात फेकलं. मैत्रिणीवरचं विघ्न टाळल्याच्या समाधानात त्यांनी हात धुतले आणि स्टुलावर बसून घेतलं.

मिल्काबाई फोन ठेवून आल्या त्या थेट खिडकीशी गेल्या. तिथं नाही म्हटल्यावर ओट्यावर पाहिलं, ओट्याखाली पाहिलं, डब्यांच्या मागे पाहिलं. काय शोधतेस, असं काकूंनी विचारलं खरं, पण विचारता विचारताच त्यांच्या मनात पाल चुकचुकली. मिल्काबाई म्हणाल्या, गोळा होता इथं, त्या मेल्या मांजरानं नेला वाटतं. आणि त्या काठी घेऊन मांजराच्या मागे निघाल्या.

गप्प बसता आलं असतं. मांजर काही साक्ष द्यायला येणार नव्हतं. पण ते मांजर पटवर्धनांकडचंच, म्हातारं आणि जन्मात कधी पिठाला तोंड न लावणारं. त्याच्या पाठीत काठी बसणार या विचाराने काकूंना राहवेना. त्यांनी हात वर करून सगळं सांगून टाकलं. पान, दक्षिण, कावळा, काही ठेवलं नाही.

मिल्काबाई काठी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग खाली बसल्या. आता ही रडते की मारते, असं काकूंना वाटलं, तर ती हसत होती, पण कपाळाला हात लावून.

मग मिल्काबाईंनी समजावलं. एवढं पीठ मळलं की त्यातला एक गोळा देवाच्या नावाने आधी बाजूला काढायचा. पूर्वी तो तिकडच्या मोठ्या देवळातल्या याजकांना जायचा. आता देऊळही नाही आणि तसे याजकही नाहीत, म्हणून तो जाळून टाकायचा. आई चिमूटभर चुलीत टाकायची, मिल्काबाई अंघोळीच्या बंबात टाकत. आजही बराखा, म्हणजे त्या वेळची प्रार्थना, म्हणून गोळा काढला, तो बंबाकडे न्यायचा तेवढ्यात नाओमीचा फोन आला. एकदा काढला की तो गोळा आपला राहत नाही. तो काढल्याशिवाय पाव खायचा नाही, आणि काढलेला परत पिठात गेला तर सगळंच पीठ अडकलं.

"मग दुसरा काढ ना त्यातून," काकू म्हणाल्या. "आमच्यात नैवेद्याचं पान लवंडलं तर दुसरं वाढतो."

तसं चालतं का, हे मिल्काबाईंना ठाऊक नव्हतं. नर्सगिरीत संसर्ग झालेलं काहीही फेकून द्यायचं एवढंच त्या शिकल्या होत्या. पण डोंगराएवढं पीठ फेकायचं? संध्याकाळ जवळ येत होती, शब्बाथ लागला की भाजणं बंद, त्यात मधेच वीज जायची, म्हणजे तो गोल अॅल्युमिनियमचा ओव्हन नुसता शोभेला. त्यांनी ठाण्याला भावाला फोन लावला. शिमशोन तिथल्या सिनेगॉगमध्ये हज्जान होता, म्हणजे प्रार्थना म्हणणारा, आणि बहिणीची चेष्टा करायची एकही संधी तो वाया जाऊ देत नसे. मिल्काबाईंनी स्पीकरचं बटण दाबलं. सगळं ऐकून शिमशोन इतका वेळ हसला की फोन कट झाला असं काकूंना वाटलं.

मग तो सांगायला लागला. गोळा काढणं म्हणजे एक प्रकारे शब्द देणं. दिलेला शब्द सोडवता येतो, पण त्यासाठी तिघांसमोर सांगावं लागतं की मी हे केलं याचा मला पश्चात्ताप होतो. तो मनापासून हवा. तिघांनी सोडलं की गोळा कधी काढलाच नव्हता असं होतं, पीठ पुन्हा पहिल्यासारखं. संध्याकाळच्या प्रार्थनेला दोन म्हातारे आधीच येऊन बसलेत, मी धरून तिघं झालो, बोल.

मिल्काबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि फोनसमोर ताठ उभ्या राहिल्या. काकूही उगाचच उभ्या राहिल्या.

"अशी शेजारीण असताना मी गोळा खिडकीत ठेवून गेले," मिल्काबाई म्हणाल्या, "याचा मला फार पश्चात्ताप होतो."

"शेजारणीचा नको, गोळा काढल्याचा हवा," पलीकडून शिमशोन म्हणाला. "हे असं होईल हे माहीत असतं तर काढला असतास?"

"नसता काढला."

फोनमधून तीन घोगरे आवाज एकामागून एक आले. मुत्तार लाख, मुत्तार लाख, मुत्तार लाख. तुला मोकळीक आहे, मोकळीक आहे, मोकळीक आहे, असा अर्थ शिमशोनने काकूंसाठी वेगळा सांगितला. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, "आता पुन्हा गोळा काढायला विसरू नकोस. सुटलं म्हणजे संपलं असं नाही. काढावा तर लागतोच, फक्त या वेळी नीट काढ."

मिल्काबाईंनी पुन्हा बराखा म्हटला, पुन्हा आवळ्याएवढा गोळा काढला आणि या खेपेला कुणाचाही फोन न घेता थेट न्हाणीकडे चालू लागल्या. काकू राखणीला मागोमाग. बंबाच्या निखाऱ्यांवर गोळा आधी फुगला, मग तपकिरी झाला, मग काळा पडला. काकूंना वाटलं होतं वास वाईट येईल, पण तो भाजक्या पोळीचाच होता.

मग वेण्या घातल्या. मिल्काबाईंच्या सैल पडत होत्या, काकूंनी त्या सोडून परत घातल्या. पहिली खेप ओव्हनमध्ये गेली आणि आता काही करायचं उरलं नाही. काकू खरकटी परात घासायला घेऊन बसल्या. परात स्वच्छ झाली तरी घासत राहिल्या.

"मिल्के," त्या परातीकडे बघतच म्हणाल्या, "तिघं लागतातच का गो?"

"कशाला?"

"मला एक सोडवून घ्यायचंय."

मिल्काबाईंना काय ते लगेच कळलं. गणपतीपासून त्या त्याचीच वाट पाहत होत्या. पण इतक्या सहज सोडायला त्याही काही संत नव्हत्या. त्यांनी पुन्हा डोक्यावर पदर घेतला आणि शिमशोनच्या आवाजात म्हणाल्या, "मी एकटी तिघांना भारी आहे. बोल."

"गणपतीत मी तुला जा म्हटलं. कुणी अडवलंय, असं म्हटलं. मला त्याचा पश्चात्ताप होतो."

"मनापासून?"

"मनापासून नाही तर काय पोटापासून? त्या दिवसापासून मला धड झोप नाही. ह्यांना विचार."

"माहीत असतं तर म्हणाली असतीस?"

"नसते म्हणाले," काकू म्हणाल्या आणि त्यांचा आवाज फाटला. "तू गेल्यावर मी काय करू हेच मला कळत नाही गो. ह्या खिडकीकडे माझ्याच्यानं बघवणार नाही."

मिल्काबाई खाली बसल्या आणि त्यांनी काकूंच्या हातातली परात काढून घेतली. "मुत्तार लाख," त्या म्हणाल्या. आणखी दोनदा म्हणाल्या. तिसऱ्यांदा त्यांनाही ते नीट म्हणता आलं नाही.

काकूंच्या मनात एक वेडी आशा डोकावून गेली; सुटलं म्हणजे कधी म्हटलंच नव्हतं, म्हणजे होकारही गेला, तिकीटही गेलं. त्यांनी मिल्काबाईंकडे पाहिलं. मिल्काबाईंचे डोळे भरलेले होते, पण त्यांच्या मागे भिंतीवर नातवंडांचा फोटो होता, आणि त्यातल्या धाकट्याने आजीला अजून प्रत्यक्ष पाहिलेलंही नव्हतं. काकूंना शिमशोनचं शेवटचं बोलणं आठवलं.

त्यांनी पदराने नाक पुसलं. "आता पुन्हा काढावा लागेल ना?"

"लागतो," मिल्काबाई हळूच म्हणाल्या. "नाहीतर बाकीचं गोड लागत नाही."

"मग ऐक. लेकीकडे राहा, पोरांना बघ, तिथल्या लोकांनाही इंजेक्शनं टोचून दटाव. अंगणातल्या तुळशीला मी पाणी घालीन. तुळस माझीच, पण आजवर खिंडारातून येऊन पाणी तूच घालतेस, म्हणून सांगितलं. आणि निघताना तू येते म्हण. मी ये म्हणेन. जा म्हणणार नाही."

"येते," मिल्काबाई म्हणाल्या.

"आत्ता नको, निघताना," काकू म्हणाल्या. पण मग त्यांनाच धीर धरवेना. "ये," त्या म्हणाल्या.

दिवे लागायच्या आधी काकू खिंडारातून आपल्या घरी आल्या तेव्हा पदरात गरम खल्ला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. परशुरामभाऊ पडवीत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि काय झालं म्हणून विचारलं.

"पाव भाजतोय हाताला," काकू म्हणाल्या, आणि तो खाली न ठेवता तशाच उभ्या राहिल्या.