लवू गोलकीचा स्वेटर

मी एका गोलकीपरचा स्वेटर बोलतोय. हसू नका. मुंबईच्या घामट हवेत स्वेटर कशाला, हा प्रश्न मी जन्मापासून ऐकत आलोय. पण पाच वर्षांत मी तीन रंग बदलले, चार संघांकडून खेळलो आणि पंधरा दिवस तुरुंगातही राहून आलो. एवढं आयुष्य एखाद्या रेशमी शेल्याच्या तरी वाट्याला आलंय का, सांगा.

साल पंचावन्न. परळच्या चाळीतली बकुळा कामगार केंद्रात विणकाम शिकायला जायची. शिकवायला दादरहून मृणालिनीबाई येत. परीक्षा अशी होती, की घरातल्या कुणासाठी तरी एक स्वेटर विणायचा. बकुळानं वडिलांसाठी मला सुयांवर घेतलं. पण तिची जीभ सुयांपेक्षा भराभर चाले. गप्पांत टाके मोजायचे राहून गेले आणि माझ्या बाह्या लांबतच गेल्या.

परीक्षेच्या दिवशी मृणालिनीबाईंनी मला दोन्ही हातांनी उंच धरलं.

"बकुळा, अंग वडिलांचं घेतलंस. बाह्या कुणाच्या घेतल्यास गं?"

वर्ग खिदळला. बकुळा नापास. मीही नापास.

तिनं मला रागानं गॅलरीच्या कठड्यावर टाकलं. तेवढ्यात तळमजल्यावरचा लवू जिना चढून आला. हा विजयदीप मिलमध्ये सूतखात्यात कामाला आणि मिलच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. गिरणगावात त्याला सगळे 'लवू गोलकी' म्हणत. त्याचे हात इतके लांब, की चाळीतल्या बायका माळ्यावरचा डबा काढायला स्टूल न आणता लवूलाच हाक मारत.

बकुळानं त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"लवू, जरा हात पुढे कर."

मी त्याच्या अंगात शिरलो. बाह्या मनगटावर बरोब्बर थांबल्या.

"कुठनं आणलास?" लवूनं विचारलं.

"आणला नाही. चुकलाय."

"मग चूक माझ्याच मापाची आहे," लवू म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

आता मला लाल व्हायचं होतं, कारण विजयदीपचा रंग लाल. मला रंगवलं ते बकुळाच्या वडिलांनी, दत्तारामनी. ते त्याच मिलच्या रंगखात्यात कामाला. संघाचा सगळा कारभारही त्यांच्याच डोक्यावर. चेंडूत हवा भरणं, लिंबं कापणं, पंचाशी भांडणं, सगळं तेच करत. विजयदीपनं एकदा तरी गिरणगावची ढाल जिंकावी, एवढी एकच आस त्या माणसाला होती.

छप्पनच्या जुलैत माझा पहिला सामना. त्या वर्षी गोळीबारात गिरणगावानं आपली माणसं गमावली होती. संयुक्त महाराष्ट्राचं नाव घेतलं की लोकांच्या मुठी वळत आणि डोळे भरत. लोकांना हसायला काहीतरी निमित्त हवं होतं. ते आम्ही दिलं.

मध्यंतरानंतर पावसाची मोठी सर आली आणि माझा रंग सुटला. लवूच्या पांढऱ्या चड्डीवरून, गुडघ्यांवरून लाल ओघळ वाहू लागले. तेवढ्यात तो समोरच्या गड्याच्या पायात झेपावला आणि उठला तो आपादमस्तक लाल. प्रेक्षकांतून किंकाळी आली, "मेला गं, माझा लवू मेला!" आणि बकुळा चिखल तुडवत थेट गोलपर्यंत धावली. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"बाई, बाजूला व्हा," पंच म्हणाले.

"अगं, रंग आहे," लवू कुजबुजला.

"रंग?" बकुळानं तळहात हुंगला आणि तशीच वळली. "बाबा! रंग पक्का केला नव्हतात?"

"सुताचा रंग लोकरीला लावलेला मी," दत्ताराम पडेल आवाजात म्हणाले. "माका काय म्हायत तो टिकणार नाय?"

मैदान पोट धरधरून हसलं. पण 'माझा लवू' हे दोन शब्द हजार माणसांनी ऐकले होते. संध्याकाळी लवूची आई जाईबाई साखर घेऊन दत्तारामांच्या दारात उभी.

"पोरीनं मैदानात बोलून दाखवलंन," दत्ताराम म्हणाले, "आता मी काय पंचाकडे दाद मागू?"

लग्न झालं. खर्च वाढला तसा लवू दुसरीकडे नोकरी पाहू लागला. तेव्हा नुसत्या खेळाचा पगार कुणाला मिळत नसे. कंपन्या खेळाडूला नोकरी द्यायच्या आणि खेळवायच्या. मॅकफर्सन वर्क्स नावाच्या कारखान्यानं त्याला फिटरचं काम आणि राहायला खोली देऊ केली. लवू गेला. दत्ताराम महिनाभर जावयाशी बोलले नाहीत. मग एका रविवारी निळ्या रंगाची पुडी घेऊन आले.

"जायचंच तर धड रंगात जा. ह्या खेपेला लोकरीचा रंग आणलाय."

पण लालावर निळा चढला आणि मी झालो जांभळा. पहिल्याच सामन्यात पोरं ओरडली, "वांगं आलं रे, वांगं! भरा त्याला!" लवूनं त्या दिवशी एकही गोल होऊ दिला नाही. शेवटी तीच पोरं नाचत होती, "वांगं भरेना! वांगं भरेना!"

सत्तावन्न साली एका दुपारी आम्ही सरावाला निघालो होतो. मी त्याच्या काखेत. नाक्यावर सत्याग्रहींची तुकडी घोषणा देत चाललेली. लवू थांबला. पाहता पाहता त्याचे ओठ हलू लागले, मग आवाज आला, मग पाय चालू लागले. पोलिसांच्या गाडीत चढताना त्याच्या लक्षात आलं, की सराव बुडाला.

पंधरा दिवसांची शिक्षा. तुरुंगाच्या आवारात चिंध्यांचा चेंडू झाला आणि सत्याग्रहींचे दोन संघ पडले. पहारेकरी शिट्टी वाजवायला एका पायावर तयार. लवू पुढे नेहमी सांगे, "तोच माझा सगळ्यात भारी क्लब. एक गडी क्लब सोडून जाईल तर शपथ!"

सुटून आलो तर मॅकफर्सनची नोकरी गेलेली. काही महिने बकुळानं शेजारपाजारची विणकामं घेऊन घर चालवलं. मग वडाळ्याच्या बाजूच्या गोदीवाल्यांनी, म्हणजे दर्यावर्दी क्लबानं, लवूला बोलावलं. नोकरी मात्र हंगामी. त्यांचा रंग हिरवा. दत्तारामनी मला हातात घेऊन मान हलवली. "ह्याच्यावर आता काय चढणार? काळाच होईल." आणि मी तसाच झालो. काळपट, कडेला जरा हिरवी झाक.

साठ साली मेमध्ये महाराष्ट्र मिळाला. जुलै उजाडला तरी गिरणगावाचे पाय जमिनीला लागले नव्हते. पेढे संपले होते, पण माणसं अजून एकमेकांना मिठ्या मारत होती. त्यात ढालीची फायनल आली, दर्यावर्दी विरुद्ध विजयदीप. दत्ताराम सप्टेंबरात कामावरून निवृत्त होणार होते. इकडे दर्यावर्दीचे सेक्रेटरी शरच्चंद्रराव लवूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ढाल आणा, लवूशेट. सोमवारी कायम नोकरीचा कागद तुमच्या हातात."

पाच मिनिटं उरली तरी दोन्हीकडे शून्य. चिखलात चुन्याच्या रेघा वाहून गेलेल्या. विजयदीपच्या वसंतनं लांबून फटका मारला. लवूनं मागे झेप घेतली, चेंडू छातीशी कवटाळला आणि आम्ही तोंडावर आपटलो. वर गोंधळ, "गोल!" "कसला गोल!" रेषेवरचा पंच घसरून पडला होता, त्याला काहीच दिसलं नव्हतं.

पण चेंडू माझ्या पोटाखाली होता. मला ठाऊक होतं. गोलच्या आत, चांगला वीतभर.

पंच धापा टाकत आले. "लवू, मला दिसलं नाही. आत की बाहेर?"

लवूचं काळीज माझ्यावर धडका मारत होतं. त्यानं सासऱ्यांकडे पाहिलं नाही, शरच्चंद्ररावांकडेही नाही.

"आत होता, साहेब."

शिट्टी वाजली. उरलेली मिनिटं एक-शून्यवरच संपली. शरच्चंद्ररावांनी छत्री आपटून मोडली. कुणीतरी ओरडलं, "जावयानं सासऱ्याला हुंडा दिला!" आणि दत्ताराम चिखलातून धावत आले. आनंदानं नव्हे, संतापानं. त्यांनी माझा गळा धरून लवूला गदागदा हलवलं.

"खरा सांग मेल्या! गेला होता, की माझ्यासाठी सोडलास?"

"गेला होता, मामा."

"शपथ?"

"बकुळाची."

"माझी शपथ घेताना मला विचारायचं!" बकुळा कधीच मैदानात आलेली होती.

"मग विचारतो. घेऊ?"

तिनं पदरानं त्याच्या तोंडावरचा चिखल पुसला. "खरं असेल तर घ्या."

"घेतली," लवू म्हणाला.

दत्ताराम मटकन चिखलात बसले आणि हसता हसता रडू लागले. लवूनं वाकून त्यांना उचललं ते सरळ खांद्यावर. वर ढाल, ढालीखाली दत्ताराम, दत्तारामांखाली मी. बेंजो पार्टी कुठून आली कोण जाणे. हरलेला गोलकी जिंकलेल्या सासऱ्याला नाचवत लालबागपर्यंत गेला. पाहणारी माणसं जिन्यांवरून घसरत खाली येत होती. अर्ध्यांना कुणी जिंकलंय तेही माहीत नव्हतं.

सोमवारी कागद आला नाही. मंगळवारी लवूला क्लबात येऊ नको म्हणून सांगण्यात आलं. त्या रात्री तो जेवला नाही, हेही सांगायला हवं. पण पंधरवड्यानं गिरगावातल्या एका शाळेचे हेडमास्तर चाळीत आले.

"मी दर्यावर्दीचा पाठीराखा," ते म्हणाले. "त्या दिवशी तुम्हाला मनसोक्त शिव्या घातल्या. पोरांना फुटबॉल शिकवायला कधीपासून येता?"

पगार कमी आहे. लवू मजेत आहे.

आणि मी? मी सध्या उसवला जातोय. बकुळाला सातवा महिना लागलाय. माझ्या लोकरीचं लहानसं काहीतरी विणायचं तिनं ठरवलंय. गळा पहिल्या दिवशीच गेला, तरी माझं बोलणं थांबलेलं नाही. काल दत्ताराम रंगाची पुडी घेऊन हजर. बकुळानं सुई रोखून धरली.

"बाबा, खबरदार! माझ्या बाळाला कुणाच्याच क्लबाचा रंग लावायचा नाही. मोठं झालं की त्याचं ते ठरवील."

दत्तारामनी पुडी मुकाट्यानं खिशात टाकली आणि लोकरीचा गुंडा धरून बसले. उसवलेल्या धाग्यात गाठींजवळ लाल दिसतोय, निळा दिसतोय, कुठे कुठे पहिला पांढराही.

आता माझ्या चारच ओळी उरल्यात. तेवढ्यात एक मागणं मागतो. तुमच्या घरी कुणाचं माप चुकलेलं काही पडून असेल तर ते टाकून देऊ नका. गॅलरीत ठेवा, आणि जिन्यावरून कोण वर येतंय ते बघा. बकुळा, हळू ओढ गं. गुदगुल्या होताहेत.