एका पायातला वाळा

"आत्या, हिचा दुसरा वाळा कुठाय?"

साधनाची बस सुटायला राहिलेली दहा मिनिटं, केसांची क्लिप दातात, एका हातात डबा अन् दुसऱ्या हातात काय, तर पोरीचा पाय! चार वर्षांना दोन महिने कमी असलेली रसिका खुर्चीवर बसून आरामात पोहे खात होती आणि आई तिचा पाय उलटासुलटा करून बघत होती. डाव्या पायात घुंगराचा वाळा. उजवा पाय मोकळा.

"दुसरा हाय की डब्यात," ठकूबाई चुलीवरनं म्हणजे गॅसवरनंच बोलली.

"मग घाला ना तो! खाली सगळ्या लेडीज मला विचारतात, दूसरा कहाँ गया, चोरी हो गया क्या?"

"दोनी पायांत घालाय ती काय नवरी हाय? भांगलणीचा वाळा एकाच पायात असतो."

"इथं कुठली आलीय भांगलण, आत्या? कॅन्टोन्मेंट आहे हे! आणि वाळा कशाला मुळात?"

"ऐकू याया."

साधनाने क्लिप केसात खुपसली, पोरीचा पापा घेतला अन् पळाली. दिल्लीत आर. के. पुरमला सरकारी हापिसात कारकून होती ती. साडेआठला गेली की साडेसहाला यायची. साताऱ्यात एस. टी. कॉलनीत वाढलेली पोर, तिला भांगलणीचं काय ठाऊक असणार! सासूला आत्या म्हणायची तेवढी गावाकडची रीत तिच्यात उरलेली.

तर ती भांगलण आधी सांगायला पायजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. ठकूबाईचं गाव कुरणवाडी, माणदेशातलं. तिथं बायका पाती धरून शेतात तण काढायला बसायच्या, तोंड पुढं, लेकरं मागं बांधावर सोडलेली. बघायला कुणाला सवड? मग एकेका लेकराच्या एकाच पायात वाळा. दोन्ही पाय वाजले तर नुसताच गलका, पण एक पाय वाजला अन् एक गप राहिला, की त्या मधल्या जागेवरनं कळायचं, लेकरू पळतंय का चालतंय, चढतंय का उतरतंय. दहा बाया, दहा लेकरं, कुणाचं कुठाय ते पाठीला डोळं असल्यागत ठाऊक! ठकूबाईचा लेक धैर्यशील असाच वाढला. तो आता हवालदार झाला, वर बर्फात ड्यूटीवर गेला, आणि सून-नात दिल्लीत एकटी म्हणून ठकूबाई जानेवारीत गाडीत बसून आली.

आली, पण बोलायचं कुणाशी हो? भाजीवाला हिंदी. दूधवाला हिंदी. वरच्या मजल्यावर सुभेदाराची बायको चेतना, ती पुण्याची, पण तिचं बोलणं फोनवरनं सुटलं तर ना. आणि नात? नात झोपेतसुद्धा हिंदी बरळायची. "आज्जी, ये क्या है?" म्हणून पानाखालचा किडा दाखवायची. ठकूबाईला किडा ओळखू यायचा, पण त्याला हिंदीत काय म्हणायचं ते कुठं येत होतं? आणि मराठीत सांगावं, तर पोरीला ते नाव कळायचं नाही. मग ठकूबाई म्हणायची, "मला काय इचारतीस? त्येलाच बग की."

अन् पोरगी बघत बसायची! अर्धा-अर्धा तास! सांगायला कुणी नाही म्हटल्यावर बघण्यावाचून दुसरं काय करणार ती?

क्वार्टरच्या मागं भिंतीपर्यंत मोकळं रान होतं. खडकाळ, मुरमाड, मधनं किकराची काटेरी झुडपं आणि एक सावर. मार्च लागला तशी सावर लालेलाल पेटली, जाडजूड फुलं थपाथप खाली पडायला लागली. ठकूबाई ते झाड बघून तीन दिवस नुसती खिडकीत उभी राहायची. दिल्लीत तिच्या ओळखीचं तेवढं एकच होतं ना.

पण लेकराला तिनं तसंच नाही सोडलं तिथं, बरं का! आधी चार दिवस पहाटे उठून, हातात काठी घेऊन, सगळं रान पायाखाली घातलं. काचा वेचल्या, तारेचा गुंता उचलून टाकला, बिळं ठोकून बघितली, भिंतीखाली कुत्र्यांनी उकरलेलं भगदाड दगड रचून बुजवलं. पाचव्या दिवशी डब्यातला वाळा काढला, रसिकाच्या डाव्या पायात घातला अन् म्हणाली, "जा."

"कहाँ?"

"कुटं बी. भिंतीच्या आत."

आणि स्वतः सावरीच्या बुंध्याशी मटारच्या शेंगा घेऊन बसली. कशी बसली? तर पोरीकडं पाठ करून! का, तर आपण बघतोय म्हटलं की लेकरू आपल्यासाठी खेळतं. फूल उचललं की दाखवायला आणतं, पडलं की आधी आपल्याकडं बघून मग रडतं. पाठ केली की त्याचं ते, रानाचं रान.

छुम... छुम... छुम... एक पाऊल वाजलेलं, एक गप.

पहिल्या दिवशी पोरगी भिंतीकडं गेली तशी टिटवी उठली अन् टिवटिव टिवटिव करून सगळं आभाळ डोक्यावर घेतलं. ठकूबाईनं शेंग सोलता सोलता कान दिला. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी थोडं कमी. आठवड्यानं अशी वेळ आली, की वाळा भिंतीकडं जायचा, थांबायचा, आणि टिटवी गप! ठकूबाई मनातल्या मनात हसली. पोरीला विचारलं मात्र नाही. तिनं सांगितलं तर ऐकायचं, नाही सांगितलं तर तिचं तिच्यापाशी.

चेतनाने हे सगळं वरनं बघितलं आणि एकदा खाली आली. संगं तिचा सुयश, डोळे मोबाईलमध्ये.

"आजी, तुम्ही पोरीकडे बघतच नाही हो!"

"बगती की."

"अहो, पाठ करून बसता! मी रोज बघते ना गॅलरीतनं. साप असतात इथे. नीलगाय येते रिजच्या जंगलातनं. कुछ हो गया तो?"

"तुमचं लेकरू कुटं बगतंय बाई, घरात बसून?" ठकूबाईनं सुयशकडं मान केली. "त्येच्या डोळ्यांला काय व्हत न्हाई व्हय?"

चेतनाला लागलं ते. लागणारच! म्हणून तिनं दुसऱ्या दिवशी फोटो काढला का खरंच काळजीनं काढला, देव जाणे. फोटोत पुढं पोरीकडं पाठ केलेली म्हातारी, मांडीवर शेंगा, आणि लांब भिंतीपाशी उकिडवी बसलेली ठिपक्याएवढी पोर. फोटो गेला लेडीजच्या ग्रुपवर. खाली लिहिलं, "दादी किधर देख रही हैं?" पाठोपाठ हसणारी तोंडं, घाबरलेली तोंडं, सल्ले, आणि त्याच ग्रुपवर होती साधना. हापिसात, फायलींच्या ढिगात.

ती हाफ डे टाकून रिक्षानं आली. घरात न जाता सरळ मागं.

"रसिका कुठाय?"

"हाय तितं."

"तिथं म्हणजे कुठं? वाळा वाजत नाहीये, आत्या! आवाज येत नाहीये!"

"थांबलीय ती." ठकूबाईनं मागं न बघताच सुनेचं मनगट धरलं. "बस जरा. गप बस. टिटवी वरडली का? न्हाई न्हवं? मग लेकरू बरं हाय."

"टिटवी? काय बोलताय तुम्ही!"

"आगं बस, साधना. वाईच दम धर. तुला कळंल."

आता बघा, साधना बसली असती तर? पण बसणार कशी! नवरा बर्फात, फोन लागतो तर लागतो, पोरीला काही झालं तर उत्तर कुणी द्यायचं, हिनंच ना? तिनं मनगट हिसडलं अन् चपला वाजवत "रसिका! रसिकाऽऽ!" करत भिंतीकडं धावली.

आणि टिटवी उठली.

अशी उठली, की बास! डोक्यावरनं झेपा घालत, किंचाळत, साधनाच्या केसांपर्यंत येऊन परत वर. साधनानं पर्स डोक्यावर धरली. पुढं रसिका उकिडवी बसलेली, तोंडावर बोट ठेवून, आणि तिच्यापासनं चार हातांवर मुरमात बारीक खड्यांचं कोंडाळं, त्यात चार अंडी. खड्यासारखीच ठिपक्यांची. शेजारनं माणूस गेला तरी दिसायची नाहीत.

पोरगी आईकडं बघून एवढी रडली, एवढी रडली! पडली तेव्हा कधी इतकी रडली नव्हती.

"मम्मा, तुमने भगा दिया! मैं रोज़ एक-एक स्टेप जाती थी! वो मुझे जानती थी!"

ठकूबाई हळूच उठली, मटाराच्या सालांचा पदर झटकला. अंडी आहेत हे तिला ठाऊक होतं, बघितली मात्र तिनं कधीच नव्हती.

संध्याकाळी टिटवी परत येऊन बसली, म्हणा. पण घरातलं काही जागेवर येईना. साधनानं चहा ठेवला आणि कपाकडं बघतच बोलली.

"प्ले स्कूलमध्ये ॲडमिशन घेतलीय मी, सोमवारपासून. नेचर कॉर्नर आहे तिथं. कॅमेरा पण आहे, हापिसातनं दिसतं."

"बरं."

"शनिवारचं तुमचं तिकीट बघितलंय. गावाला शेतातली कामं पण आहेत ना तुमची."

"हायेत."

"आत्या, राग मानू नका. तुम्ही चुकीचं केलं असं नाही म्हणत मी. पण मला भीती वाटते हो! दिवसभर हापिसात छातीत धडधडतं. इथं माझं आहे कोण?"

ठकूबाईला म्हणावंसं वाटलं, की माझं तरी इथं कोण हाय गं? पोरगी भिंतीपाशी आणि मी झाडापाशी, दोघी एकमेकीला न बोलता ऐकत बसायचो, तेवढंच माझं दिवसाचं बोलणं. पण हे सुनेला सांगून करायचं काय? तिनं चहा पिऊन कप विसळून ठेवला.

शनिवारी निघताना तिनं वाळा पोरीच्या पायातनं काढला, दाराशेजारच्या खिळ्याला अडकवला.

"साळंत चालत न्हाई म्हनं," ती म्हणाली. रसिकाला त्यातलं "न्हाई" तेवढं कळलं. तिनं मोकळ्या पायाकडं बघितलं आणि आजीच्या पिशवीत सावरीचं एक वाळकं फूल टाकलं. आजीनं काही विचारलं नाही.

गाडीत दीड दिवस ठकूबाई खिडकीकडं तोंड करून बसली.

कुरणवाडीत एप्रिल चढला. उन्हाळी भुईमुगात भांगलण लागली. माती अशी तापलेली, की बसायला गोणपाट लागायचं. आठ बाया पाती धरून बसलेल्या, पण मागं बांधावर एकही लेकरू नाही. सगळी शिकवणीला, नाहीतर फोनमध्ये. बांध नुसता गप. ठकूबाईचे कान सवयीनं मागं जायचे आणि मोकळेच परत यायचे.

असा एक रविवार, सकाळची वेळ. पदरात बांधलेला फोन वाजला.

"आत्या? साधना बोलतेय."

"बोल की. लेकरू बरं हाय न्हवं?"

"बरी आहे. स्कूलला जाते. तिथं मॅडम म्हणाल्या, हुशार आहे, पण प्रत्येक गोष्टीपाशी फार वेळ थांबते." मग साधना हळू आवाजात, अगदी कानाशी बोलल्यासारखं म्हणाली, "आत्या, मी मागं आलेय. सावरीपाशी बसलेय. पाठ करून."

ठकूबाईनं हातातलं खुरपं खाली ठेवलं.

"चेतनाताई गॅलरीतनं बघतायत," साधना म्हणाली. "बघू देत. पण आत्या, आता पुढं काय करायचं?"

"काय बी न्हाई करायचं."

"काहीच नाही?"

"काहीच न्हाई. फोन खाली ठेव, अन् गप बस."

फोन मातीवर ठेवल्याचा आवाज आला. मग फोनपाशी आलेल्या रसिकाचा, खुसुखुसु: "आज्जी, गप हां! एकदम गप!" मराठीत! अन् मग काही नाही.

"ठकूबाय, आगं पात मागं ऱ्हायली तुजी!" पुढनं एक बाई ओरडली. ठकूबाईनं हात वर करून तिला थांबवलं. फोन कानाशी घट्ट दाबला, दुसऱ्या कानात बोट घातलं, आणि तापल्या मातीत पाठमोरी होऊन बसली, जणू पोरगी मागच्या बांधावरच होती.

छुम...

मध्ये मोकळी जागा.

छुम...

एक पाऊल वाजत होतं, एक गप. दुसरा वाळा डब्यातच होता. तिनं ऐकलं, वाळा भिंतीकडं गेला. ऐकलं, तो थांबला. मग ती टिटवीची वाट बघत राहिली, ऊन डोक्यावर आलं तरी, आणि टिटवी काही ओरडली नाही.